जुनी आयसी कशी ओळखावी



दूध-संकलन केंद्रावरचा वजनकाटा, पंपाच्या स्टार्टरला जोडलेला टायमर, शाळेचा जुना ध्वनिवर्धक, यांपैकी एखादी वस्तू बिघडली आणि ती तुम्ही तालुक्याच्या गावी दुरुस्तीला नेली, तर झाकण उघडून दुकानदाराने दिलेला निकाल तुमच्या ओळखीचा असेल. "आयसी उडालीय." आणि त्याला जोडूनच पुढचे वाक्य येते, "ही आता मिळत नाही." आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या वाक्याविषयी. 'मिळत नाही' असे म्हणताना पुष्कळदा 'ती कोणती, हेच आम्हांला कळत नाही' असे म्हणायचे असते. या दोहोंत मोठे अंतर आहे. नाव कळलेली आयसी शोधता येते, तिच्याऐवजी दुसरी बसविता येते. नाव न कळलेल्या आयसीपायी मात्र सगळे यंत्र भंगारात जाते.

मी धंद्याने इतिहासाचा अध्यापक. एम. ए.ला असताना शिलालेखांचे ठसे आणि मोडी कागद यांत माझी दोन वर्षे गेली. मग हा माणूस या विजेच्या भानगडीत कशाला पडला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की काम एकच आहे. एखाद्या देवळाच्या ओवरीत झिजलेला लेख सापडतो. काही अक्षरे उडालेली, काही भलत्यानेच शेंदूर फासून बुजविलेली. आपण लिपीचे वळण पाहतो, दगड पाहतो, तो कोठे बसविला आहे ते पाहतो, आणि या सगळ्यांवरून त्याचा काळ आणि मजकूर ठरवितो. आयसीचेही तसेच. फरक इतकाच, की आयसीचा लेख आपल्या हयातीतला असून तो वाचणारी माणसे आताच कमी होत चालली आहेत.

आयसी म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. १२ सप्टेंबर १९५८ रोजी अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत जॅक किल्बी यांनी अर्धवाहकाच्या एकाच तुकड्यावर सबंध मंडल उभे करून दाखविले. पुढच्याच वर्षी फेअरचाइल्ड कंपनीत रॉबर्ट नॉइस यांनी तेच काम कारखान्यात काढता येईल अशा रीतीने सिलिकॉनवर करण्याची युक्ती काढली. आपण जिला आयसी म्हणतो तो काळा ठोकळा हे नुसते घर. आतला सिलिकॉनचा तुकडा करंगळीच्या नखाहूनही लहान असतो आणि केसाहून बारीक तारांनी तो बाहेरच्या पायांना जोडलेला असतो. त्या तुकड्यावर शेकडो, हजारो ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर म्हणजे काय? शेतातल्या पाटाला आपण फळी लावतो, तीच कल्पना मनात आणा. फळी उचलली की पाणी वाहते, टाकली की थांबते. इथे ती फळी माणूस उचलीत नाही, शेजारच्या दुसऱ्या पाटातला दाब उचलतो. एका पाटाने दुसऱ्याची फळी उचलावी, दुसऱ्याने तिसऱ्याची. सगळे गणित यातूनच होते.

आता ओळखण्याकडे वळू. पहिली गोष्ट वाचन. ठोकळ्याच्या पाठीवर दोन-तीन ओळी छापलेल्या असतात. उजेड तिरपा धरला, की पुसट छपाईही उठून दिसते. शिलालेख वाचणारे हेच करतात, ते भर दुपारी जात नाहीत, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या कलत्या उन्हात जातात. समजा, तुम्हांला 'एसएन ७४ एलएस ०० एन' अशी अक्षरे दिसली. 'एसएन' हे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे घराणे. '७४' म्हणजे साधी व्यापारी जात, शून्य ते सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत चालणारी. तेथे '५४' असते, तर ती लष्करी जात, उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंतची. 'एलएस' ही कमी वीज खाणारी पोटजात. '००' हा तिचा धंदा, म्हणजे आत दोन-दोन वाटांच्या चार 'नँड' जोडण्या आहेत. शेवटचा 'एन' सांगतो, की घर प्लॅस्टिकचे आहे. अशी ही वंशावळ एका ओळीत असते. घराणे बदलले तरी मधला आकडा सहसा टिकतो. इंटेलची ८०८५ ही आयसी एएमडी, निप्पॉन इलेक्ट्रिक, तोशिबा, मित्सुबिशी, सीमेन्स अशा अनेकांनी काढली. प्रत्येकाने पुढेमागे आपापली अक्षरे चिकटविली, पण '८०८५' कोणी सोडले नाही.

दुसरी ओळ बहुधा तारखेची. '८४३२' म्हणजे १९८४ सालचा बत्तिसावा आठवडा. मात्र येथे एक गंमतीचा खड्डा आहे. '७४३२' असे छापलेले दिसले, तर ते काय? ७४ घराण्यातली ३२ क्रमांकाची, म्हणजे 'किंवा' जोडण्यांची आयसी, की १९७४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात केलेली भलतीच कोणती तरी? दोन्ही शक्य आहे. अशा वेळी जवळ दुसरी ओळ शोधावी आणि शेजारच्या आयसींवरच्या तारखा पाहाव्यात. एका कार्डावरच्या आयसी साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत-बाहेर झालेल्या असतात. सगळ्या १९८६ च्या असतील आणि एकच १९७४ ची म्हणत असेल, तर तो आकडा तारीख नव्हे, नाव आहे.

काही आयसींवर नाव असूनही उपयोग नसतो. मोठ्या कंपन्या आयसी दुसऱ्याकडून घेत आणि तिच्यावर आपल्या कोठाराचा क्रमांक छापून घेत. ह्युलेट-पॅकार्डच्या जुन्या मोजमापयंत्रांतले '१८२०' ने सुरू होणारे क्रमांक असे आहेत. बाजारात ते विचारले, तर दुकानदार मान हलवील. आत मात्र पुष्कळदा साधी ७४ घराण्यातलीच आयसी असते. तिचे मूळ नाव त्या कंपनीच्या जुन्या सुट्या भागांच्या यादीत सापडते. म्हणून शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे, प्रयोगशाळेच्या कपाटातली जुनी माहितीपत्रके रद्दीत घालू नका. यंत्र गेले तरी चालेल, पुस्तक ठेवा.

आणि नाव मुळीच नसेल तर? या प्रश्नाचा एक प्रत्यक्ष दाखला देतो.

मी मीरा रोडला बेव्हर्ली पार्क नावाच्या वस्तीत राहतो. नावावरून कोणाला परदेश आठवेल. प्रत्यक्षात ही मीरा-भाईंदरमधली इमारतींची दाटी आहे, आणि हा सगळा पट्टा एके काळी मिठागरांचा व भातखाचरांचा होता. पलीकडे भाईंदरला स्टीलची भांडी करणारे लहान लहान गाळे पुष्कळ आहेत. तुमच्या स्वयंपाकघरातला एखादा डबा तिकडचा असेलही. अशाच एका गाळ्यातला कारागीर एका रविवारी एक कार्ड पिशवीत घालून माझ्याकडे आला. भांड्याला कान जोडण्याच्या स्पॉट वेल्डिंग यंत्राचे ते कार्ड होते. विजेचा झटका किती वेळ द्यायचा, हे त्या कार्डाने मोजायचे. झटका कमी पडला तर कान हातात येतो, जास्त झाला तर भांड्याला भोक पडते. यंत्र तीन दिवस बंद होते आणि त्याच्यावर ज्यांची मजुरी ती माणसे रोज येऊन बसून परत जात होती. शेठने नव्या कंट्रोलरचा भाव काढला होता आणि तो ऐकून यंत्रच विकून टाकायची भाषा सुरू झाली होती.

"सर, एकच आयसी तापत्येय. पण तिचा नंबर घासलाय," तो म्हणाला.

खरोखरच घासला होता. पॉलिशपेपरने, मुद्दाम. आपल्या कार्डाची कोणी नक्कल करू नये म्हणून करणाऱ्याने सगळ्याच आयसींच्या पाठी सोलल्या होत्या. तो कारखाना बंद होऊनही पुष्कळ वर्षे झाली होती. मला या रीतीचा फार राग येतो. नक्कल करणारा आज ना उद्या करतोच. जन्मभर अडतो तो पैसे मोजून माल घेणारा.

पाठ कोरी असली तरी पाय होतेच. आयसीच्या एका टोकाला खाच किंवा टिंब असते. खाच डावीकडे ठेवून वरून पाहिले, की खालच्या रांगेतला डावा पाय पहिला. तेथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचे. या आयसीला सोळा पाय होते. सर्वांत आधी वीज कोठून येते ते पाहावे. कार्डावरच्या जाड तांब्याच्या वाटा वीज नेतात, आणि प्रत्येक आयसीजवळ एक छोटा कपॅसिटर या दोन वाटांना जोडलेला असतो. त्या वाटा सोळाव्या आणि आठव्या पायाशी आल्या होत्या. ७४ घराण्यातल्या बहुतेक सोळा पायांच्या आयसींचे हेच वळण. कार्डावर पाच व्होल्टचा नियंत्रकही बसविलेला होता, म्हणजे घराणे जवळजवळ ठरले. 'जवळजवळ' अशासाठी म्हणतो, की याच घराण्यातली ७४९० ही आयसी वीज पाचव्या आणि जमीन दहाव्या पायावर घेते. आडगावच्या चालीरीती निराळ्या असतात, त्या लक्षात ठेवाव्या लागतात.

पुढे दिसले, की अंगठ्याने फिरवायच्या आकड्यांच्या चाकांपासून चार तारा येऊन पंधरा, एक, दहा आणि नऊ या पायांना मिळत होत्या. चाकावर आपण वेळ लावतो. तेव्हा बाहेरून आकडा भरून घेणारी ही मोजणारी आयसी असली पाहिजे. माहितीपत्रक उघडले. या चार पायांवर आकडा घेणाऱ्या चार बहिणी निघाल्या : ७४१९०, ७४१९१, ७४१९२ आणि ७४१९३. चौघींचे पाय बव्हंशी सारखे. मग चौदावा पाय पाहिला. तो थेट जमिनीला जोडलेला होता. १९० आणि १९१ यांना मोजण्याचे ठोके याच पायावर मिळतात. तो जमिनीला बांधला, तर त्या कधी मोजणारच नाहीत. १९२ आणि १९३ मध्ये हा पाय आकडा पुसण्याचा आहे, आणि पुसायचे नसेल तेव्हा तो जमिनीलाच बांधतात. दोन बहिणी गळाल्या. चौथ्या पायावर घरगुती विजेच्या लहरींचे ठोके येत होते, सेकंदाला पन्नास, म्हणजे दर वीस मिलिसेकंदाला एक. पाचवा पाय पाच व्होल्टला धरून ठेवला होता. चौथा पाय उतरत्या मोजणीचा, पाचवा चढत्या मोजणीचा. म्हणजे चाकावरचा आकडा भरून घ्यायचा आणि एकेक लहर मोजीत शून्यापर्यंत उतरायचे. कान जोडण्याचा झटका तेवढाच वेळ.

आता १९२ की १९३? पहिली दहाच्या हिशेबाने मोजते, दुसरी सोळाच्या. शेजारी तशीच सोललेली दुसरी, पण जिवंत आयसी होती. पहिलीच्या तेराव्या पायातून 'उसना' ठोका तिच्या चौथ्या पायाला जात होता. ही दशकाची, पहिली एककाची. मराठी शाळेतली वजाबाकी आठवा, शून्यातून एक जात नाही, म्हणून दशकाकडून उसना घ्यायचा. ती जिवंत आयसी सुटी करून शून्यावर आणली आणि एक ठोका उतरता दिला. १९३ असती, तर पंधरा दाखविले असते. तिने नऊ दाखविले. नाव ठरले, ७४१९२. लॅमिंग्टन रस्त्यावर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, ती मिळाली, आणि सोमवारी दुपारी गाळा सुरू झाला.

हे मी इतक्या विस्ताराने सांगितले, कारण यात लाखाचे उपकरण कोणतेच नव्हते. एक मल्टिमीटर, एक पाच व्होल्टचा पुरवठा, चार दिवे आणि एक वही. वही सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक पाय कोठे जातो ते लिहून काढायचे आणि मगच निष्कर्षाला हात घालायचा. आठवीच्या मुलांनाही हे जमते. माझ्या अनुभवाने त्यांना ते मोठ्यांपेक्षा बरे जमते, कारण ती उत्तराची घाई करीत नाहीत.

बाजारात आयसी घेताना मात्र ताम्रपटांची गोष्ट विसरू नये. बनावट ताम्रपट आपल्याकडे जुन्या काळीही होत असत. जमिनीवर हक्क सांगायला कोणी तरी जुन्या राजाच्या नावाने नवा पत्रा कोरून घेई, आणि लिपीचे वळण त्याच्या तारखेशी जुळले नाही, की तो पकडला जाई. आयसींच्या बाजारातही असेच चालते. भंगारातली कार्डे तापवून आयसी सोडवायच्या, पाठी घासायच्या, वर काळा लेप द्यायचा आणि महागाचे नाव छापायचे. अशी आयसी पकडावी कशी? कापूस ॲसिटोनमध्ये भिजवून पाठीवर फिरवा, लेप असेल तर तो काळा होतो. पाठ आणि बाजू यांचा पोत सारखा आहे का पाहा. साच्यातून आलेली गोल खळगी काठापर्यंत स्वच्छ असते, लेपाची बुजलेली असते. पायांना जुने सोल्डर लागलेले आहे का, तेही पाहा. आणि कंपनीचे चिन्ह त्या तारखेला तसेच होते का, ही खास आमची, इतिहासवाल्यांची कसोटी.

तारीख पाहण्यापेक्षाही तातडीचे एक काम आहे. काही आयसींच्या पाठीवर काचेची खिडकी असते आणि तिच्यावर कागद चिकटवलेला असतो. ही ईप्रॉम. २७१६ या चोवीस पायांच्या ईप्रॉममध्ये २,०४८ अक्षरांइतका मजकूर राहतो, म्हणजे यंत्राने कसे वागायचे त्याची सारी शिकवण. हा मजकूर विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात साठविलेला असतो. जंबुपार किरणांच्या दिव्याखाली तो पंधरा-वीस मिनिटांत पुसला जातो. कागद काढून ती थेट उन्हात ठेवली, तर सुमारे आठवड्यात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत पुसली जाते, असे इंटेलचे माहितीपत्रक सांगते. कागद जागेवर असला तरी भार वर्षानुवर्षे थोडा थोडा झिरपतच असतो. साधी आयसी पुन्हा विकत मिळेल, हा मजकूर कोणत्याच दुकानात मिळणार नाही. म्हणून जुने यंत्र चालू असतानाच ईप्रॉम वाचून तिची प्रत काढून ठेवावी. यंत्र बंद पडल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. आणि तो कागद, कृपा करून, साफसफाईच्या नादात काढू नये.

पायांवरून जिचा थांग लागत नाही, तिचे पोट उघडून पाहतात. हे घरी करायचे काम नव्हे, हे मी स्पष्ट सांगतो. प्लॅस्टिकचा ठोकळा विरघळवायला तापलेले तीव्र नायट्रिक किंवा गंधकाचे तेजाब लागते. त्याची वाफ फुप्फुस जाळते. भंगाराच्या वखारींत सोन्याच्या कणासाठी उघड्या हातांनी कार्डे तेजाबात बुडविणारी माणसे असतात, त्यांच्या घरची पोरेही तेथेच वावरतात. तुमच्या शाळेत असे एखादे मूल असेल, तर आयसीविषयी त्याला जे ठाऊक आहे ते जरूर विचारा, आणि त्या वाफेविषयी जे ठाऊक नाही ते सांगा. चिनी मातीचे घर आणि वर धातूचे झाकण असलेली आयसी असेल, तर झाकण पात्याने उचकटता येते. पण ते घरही घासू वा फोडू नये, काही जातींत बेरिलियमचा विषारी ऑक्साइड असतो. अशी उघडलेली आयसी जीवशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून काही दिसत नाही, कारण तेथे उजेड खालून येतो आणि सिलिकॉन पारदर्शक नाही. उजेड वरून टाकणारा, धातू तपासण्याचा सूक्ष्मदर्शक लागतो. तो तंत्रनिकेतनाच्या धातुशाळेत बहुधा असतो.

आत काय दिसते? एखादे शहर विमानातून पाहावे तसे. एका कोपऱ्यात एकसारखी घरे ओळीने मांडलेली, ती स्मृती. कोठे जाळीदार चौकोन, तो आज्ञा उलगडणारा भाग. वर अल्युमिनियमच्या पांढऱ्या वाटा, त्यांखाली आणखी दोन थर. त्यांपैकी वरच्या थराची रेघ खालच्या थराच्या रेघेला जेथे ओलांडते, तेथे ट्रान्झिस्टर. वरची रेघ फळी, खालची पाट. एकाच पाटावर एकापुढे एक दोन फळ्या असतील, तर दोन्ही उचलल्याशिवाय पाणी वाहणार नाही, ही 'आणि'ची जोडणी. दोन समांतर पाटांवर एकेक फळी असेल, तर कोणतीही एक पुरते, ही 'किंवा'ची. पाणी वाहिले की निघणारे उत्तर खाली बसते, म्हणून दोन्हींचे उत्तर उलटे घ्यायचे. एवढे समजले, की पुढे उरते ती चिकाटी.

या चिकाटीचा मोठा दाखला ६५०२ या आयसीचा. एमओएस टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीने ती सप्टेंबर १९७५ मध्ये पंचवीस डॉलरना विकायला काढली, तेव्हा अशा आयसी कित्येक पटींनी महाग होत्या. आपला तिच्याशी संबंध शाळांतून आला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' ही संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली, आणि त्या योजनेतल्या बीबीसी मायक्रो संगणकांच्या पोटात ६५०२ घराण्याचीच आयसी होती. आज पन्नाशी-साठीत असलेल्या काही शिक्षकांना त्या पेट्या आठवत असतील. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्याचाही त्या संगणकांशी संबंध होता. तेथे १९८४ मध्ये आयसींचे उत्पादन सुरू झाले, आणि ७ फेब्रुवारी १९८९ रोजी आगीने कारखान्याची मोठी हानी केली. आपल्या देशाच्या या विद्येत पडलेला तो खंड भरून यायला फार वर्षे लागली.

तर ही ६५०२ ज्यांनी रेखाटली, त्यांनी ती हाताने, मोठाल्या कागदांवर रेखाटली होती. २०१० मध्ये ग्रेग जेम्स, बॅरी सिल्व्हरमन आणि ब्रायन सिल्व्हरमन या तिघांनी जुनी ६५०२ उघडली, थराथराची छायाचित्रे घेतली, एकेक रेघ गिरवून साडेतीन हजारांवर ट्रान्झिस्टर आणि त्यांची जोडणी नोंदविली, आणि ती आयसी संगणकाच्या पडद्यावर जशीच्या तशी चालवून दाखविली. माहितीपुस्तकात नसलेल्या आज्ञा दिल्या, की ती तसे विचित्र का वागते, याचे उत्तर तीस-पस्तीस वर्षांनी त्या रेघांतच सापडले. अगदी सुरुवातीच्या नगांत 'उजवीकडे फिरव' ही एक आज्ञा चालत नसे. ती करताना बिघडली होती, असा प्रवाद होता. छायाचित्रांवरून कळले, की ती तेथे बसविलेलीच नव्हती. बखरीतली कथा आणि मूळ कागद यांत जसा फरक निघतो, तसा हा.

रेखाटणाऱ्यांनाही आपली पाने कोणी तरी वाचणार, हे ठाऊक असे. १९७१ च्या इंटेल ४००४ या आयसीच्या कडेला फेडेरिको फाजिन यांची 'एफ. एफ.' ही आद्याक्षरे कोरलेली आहेत. पाथरवटाने चिऱ्याच्या मागे आपली खूण ठेवावी तशी. याच फाजिन यांच्या कंपनीने १९७६ मध्ये झेड ८० काढली, तेव्हा आत काही फसवे ट्रान्झिस्टर पेरले. दिसायला एका जातीचे, वागायला दुसऱ्या, म्हणजे नुसत्या छायाचित्रावरून नक्कल करणारा बुचकळ्यात पडावा. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने तर आपल्या एका आयसीवर मोडक्यातोडक्या रशियन भाषेत, चोरायचेच तर उत्तमात उत्तम चोरा, अशा अर्थाचा टोमणा कोरून ठेवला होता.

चोरी कोणती आणि अभ्यास कोणता, याचा प्रश्न शिक्षक हमखास विचारतात. आपल्याकडे आयसीच्या आराखड्यांविषयी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे. त्यात आराखड्याला दहा वर्षे संरक्षण मिळते, आणि शास्त्रीय परीक्षण, विश्लेषण, संशोधन किंवा अध्यापन यांपुरते आराखड्याची प्रतिकृती करणे हा भंग मानलेला नाही. ईप्रॉममधला मजकूर मात्र वेगळा, त्याला १९५७ च्या लेखाधिकार कायद्याचे पुष्कळ दीर्घ संरक्षण असते. आपल्या यंत्रासाठी प्रत ठेवणे निराळे आणि ती बाजारात विकणे निराळे.

शेवटी, ज्या शाळा-महाविद्यालयांत ८०८५ चे जुने किट अजून कपाटात असेल, त्यांच्यासाठी एक प्रयोग. ही आयसी इंटेलने १९७६ मध्ये काढली आणि आपल्या महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर शिकल्या. एका अंकाच्या आज्ञा २५६ असू शकतात. इंटेलच्या पुस्तकात २४६ दिल्या आहेत. उरलेल्या दहांविषयी पुस्तक गप्प. डेनहार्ट आणि सोरेन्सन यांनी 'इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन नियतकालिकात जानेवारी १९७९ मध्ये त्या दहाही आज्ञा प्रयोगाने शोधून छापल्या. आयसी न उघडता, नुसत्या प्रश्नोत्तरांनी. त्यांतली एक तुम्ही पाहू शकता. किटमध्ये क्रमाने हे आकडे भरा : २१, ५०, ००, मग ०१, २०, ००, आणि मग ०८. हा ०८ पुस्तकात नाही. पुढे २२, आणि त्यानंतर तुमच्या किटच्या स्मृतीतला एखादा मोकळा पत्ता, त्याचा खालचा अर्धा आधी. शेवटी तुमच्या किटची थांबण्याची आज्ञा. चालवा, आणि त्या पत्त्यावर काय आहे ते पाहा. ०८ ने काहीच केले नसेल, तर तेथे ५० दिसेल. ३० दिसले, तर पहिल्या जोडीतून दुसरी जोडी एका दमात वजा झाली. पुढच्या नऊ आज्ञांचे आकडे मी मुद्दामच सांगत नाही. मुलांना पुस्तकातले २४६ आकडे खोडायला द्या, उरतील ते तेच.